पंचांग, पुस्तिका, ॲप की कोश? जुन्या वळणाचं नाव ठरवणाऱ्यांसाठी एक परीक्षण

बाळाचं नाव मुक्ता, विठ्ठल, गोदावरी किंवा त्र्यंबक ठेवायचं ठरलं की घरातल्या प्रत्येकाला मत फुटतं. कुणी नावांची पुस्तिका आणून देतं, कुणी ॲपचा दुवा पाठवतं, कुणी ‘आमच्या ओळखीचे एक आहेत, स्पेलिंग बघून देतात’ म्हणून नंबर देतं. या सगळ्या साधनांना आम्ही एकच कसोटी लावली आहे. बाळाचं नाव जुन्या वळणाचंच ठेवायचं, हे आईवडिलांचं पक्कं आहे, असं धरू. मग हे साधन त्या नावाची नीट तपासणी करून देतं का? आणि बारशाला जमलेल्या मंडळींसमोर ते नाव टिकवायला त्याचा काही उपयोग होतो का?

निकाल आधीच सांगतो. पंचांग घ्या, कोश बघा, पुस्तिका चाळून बाजूला ठेवा, ॲप वगळलं तरी चालेल आणि स्पेलिंगवाल्याला पैसे देऊ नका. यादीत कुणीच धरत नाही अशी एक सरकारी सोय मात्र या सगळ्यांपेक्षा कामाची आहे. ती शेवटी.

पंचांग आणि अवकहडा चक्र

कोणत्याही मराठी पंचांगात अवकहडा चक्राचा, म्हणजे जन्मनक्षत्रावरून नावाचं पहिलं अक्षर दाखवणारा तक्ता असतो. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण (भाग), म्हणजे १०८ अक्षरं. वर्षभर घरात राहणारी वस्तू आहे, किंमत किरकोळ, आणि जन्माक्षर काढायला दुसऱ्या कशाचीही गरज नाही. तरी बहुतेक जण अक्षर दुसऱ्याकडून काढून आणतात, कारण रीत माहीत नसते. रीत अशी:

१. रुग्णालयातल्या नोंदीतली जन्मवेळ घ्या. आजीच्या घड्याळातली नको.
२. त्या वेळी चालू असलेलं नक्षत्र केव्हा सुरू झालं (म्हणजे आधीचं केव्हा संपलं) आणि केव्हा संपतं, ते पंचांगात पाहा.
३. दोन्हींमधल्या काळाचे चार सारखे भाग करा. जन्म ज्या भागात, तो चरण.

उदाहरण घेऊ. मघा नक्षत्र सकाळी १०.२० ला लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ९.०८ ला संपलं. एकूण २२ तास ४८ मिनिटं, म्हणून एक चरण ५ तास ४२ मिनिटांचा. जन्म संध्याकाळी ५.४५ चा असेल तर नक्षत्र लागून ७ तास २५ मिनिटं झालेली, म्हणजे दुसरा चरण. मघाची अक्षरं मा, मी, मू, मे. अक्षर आलं ‘मी’. ‘मू’ हवं असेल तर जन्म रात्री ९.४४ नंतरचा हवा होता.

इथे चुका ठरावीक जागी होतात. पहिली, चरण सरसकट सहा तासांचा धरणं. चंद्राचा वेग बदलता असतो, त्यामुळे नक्षत्र सुमारे २१ तासांपासून २७ तासांपर्यंत कितीही चालू शकतं. दुसरी, मध्यरात्रीनंतरची वेळ. काही पंचांगांत पहाटे अडीच ही वेळ आदल्या दिवसाच्या ओळीत २६.३० अशी छापतात, आणि पाहणारा ओळ चुकतो. तिसरी चूक परदेशातल्या जन्मांची. नक्षत्राचा शेवट हा क्षण पृथ्वीवर सगळीकडे एकच असतो, फक्त घड्याळं वेगळी. त्यामुळे पुणे आणि नागपूर यांत काही फरक नाही, पण लंडनमध्ये १५ जानेवारीला रात्री ९ वाजता जन्मलेल्या बाळासाठी पंचांगात १६ तारखेची पहाटे २.३० ही वेळ बघायची. उन्हाळ्यात तिथली घड्याळं एक तास पुढे असतात, तेव्हा साडेपाचऐवजी साडेचार तास मिळवायचे. स्थानिक वेळ तशीच पंचांगात बघितली की चरण हमखास चुकतो.

तक्ता निरखून पाहिला तर गंमत दिसते. त्यात ‘ब’ नाही आणि ‘श’ही नाही. रूढीनं ब हा व मध्ये आणि श हा स मध्ये धरतात. ऱ्हस्व-दीर्घही एकच. ‘मु’ आणि ‘मू’ वेगळे मोजत नाहीत. उलट आर्द्रा नक्षत्रात कु, घ, ङ, छ. हस्तात पू, ष, ण, ठ. उत्तराभाद्रपदात दू, थ, झ, ञ. ङ, ञ आणि ण यांनी सुरू होणारं नाव मराठीत नाहीच. अशा वेळी पुष्कळ घरं राशीच्या नऊ अक्षरांपैकी कुठलंही चालवून घेतात. सिंह राशीला मा, मी, मू, मे, मो, टा, टी, टू, टे. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या मुलीला ‘मुक्ता’ राशीनं बसतं.

‘अक्षर निघत नाही, मग हे नाव कसं ठेवणार?’ या आक्षेपाचं उत्तर मात्र तक्त्याच्या पलीकडे आहे. धर्मसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात नावं चार प्रकारची सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. अक्षराचं बंधन नाक्षत्रनामाला, ज्याला आपण जन्मनाव किंवा नावरस म्हणतो. हाक मारायच्या नावाला ते नाही. पुढे लग्नाच्या वेळी छत्तीस गुण जुळवतात तेही जन्मनक्षत्रावरून, रोजच्या नावावरून नाही. तेव्हा पत्रिकेत ‘मीनाक्षी’ लिहा आणि दारावर ‘गोदावरी’ म्हणून हाक मारा. यात शास्त्राला धक्का लागत नाही.

मासनाम हा प्रकार तर जवळजवळ विसरलाच गेला आहे, आणि जुनं नाव शोधणाऱ्याला तो सोन्याची खाण आहे. मार्गशीर्षापासून क्रमानं कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरी, योगीश, पुंडरीकाक्ष. (काही परंपरांत मोजणी चैत्रापासून होते, घरच्या गुरुजींना विचारून घ्यावं.) पौषातला मुलगा अनंत, श्रावणातला वासुदेव. ‘हे नाव कुठून काढलंत?’ असं विचारणाऱ्याला महिनाच दाखवता येतो.

‘शास्त्रात असंच नाव सांगितलंय’ म्हणणारे काका भेटले तर त्यांना पारस्कर गृह्यसूत्र या संस्कारविधींच्या प्राचीन ग्रंथातला नियम ऐकवावा. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी, पहिलं अक्षर घोष (ग, ज, द, ब यांसारखं), मध्ये अंतःस्थ वर्ण (य, र, ल, व). मुलीचं विषम अक्षरी आणि आकारान्त. या मोजणीत यमुना पास होते, पण मुक्ता, गोदा, रमा, उमा नापास. विठ्ठल, केशव, माधव तीन अक्षरी म्हणून नापास. तुकाराम चार अक्षरी आहे, पण ‘त’ घोष नाही. ज्ञानदेव मात्र निदान अक्षरसंख्येत आणि पहिल्या वर्णात बसतो. महाराष्ट्रानं हा नियम कधी फार मनावर घेतलेला दिसत नाही.

नावांची पुस्तिका

देवळाबाहेरच्या टपरीवर, एसटी स्थानकावर, पुण्यात अप्पा बळवंत चौकात सहज मिळते. पातळ कागद, मुलांची नावं एका बाजूला, मुलींची दुसऱ्या बाजूला, समोर एका शब्दाचा अर्थ. विस्मरणात गेलेलं एखादं नाव डोळ्यांसमोर आणायला ठीक. त्यापुढे भरवसा ठेवू नये, कारण शुद्धलेखन. ‘सुनिता’ (हवं सुनीता), ‘निलिमा’ (हवं नीलिमा), ‘उर्मिला’ (संस्कृतात ऊर्मिला) ही रूपं अशा याद्यांत बिनदिक्कत फिरतात, आणि तिथूनच जन्मदाखल्यावर जातात.

सगळ्यांत बोलकं उदाहरण हृषीकेश. हृषीक म्हणजे इंद्रिय, त्यांचा ईश तो हृषीकेश, विष्णूचं नाव. यादीत मात्र ‘ऋषिकेश’ छापून समोर ‘कृष्ण’ असा अर्थ देतात. ऋषिकेश आज गंगेकाठच्या शहराचं रूढ नाव आहे. तेच ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पण विष्णूचं नाव म्हणून ठेवत असाल तर पहिलं अक्षर ‘हृ’ आणि ‘षी’ दीर्घ.

पुस्तिकेत आणखी एक उणीव राहते. ती सगळी संस्कृत नावांनी भरलेली असते. मराठी मुलखातली खास नावं, म्हणजे म्हाळसा, बाणाई, यमाई, सगुणा, येसू, रखमा, सोपान, निवृत्ती, खंडेराव, केदार, कोकण-गोव्याकडचे रवळनाथ, मंगेश, सातेरी, शांतादुर्गेवरून शांता, ही एक तर नसतात नाही तर ‘देवाचे नाव’ एवढ्या अर्थावर उरकलेली असतात. जेजुरी, जोतिबा किंवा मंगेशी ज्यांचं कुलदैवत आहे, त्यांनी पुस्तिकेपेक्षा घरातला कुळाचाराचा कागद आणि जुनी वंशावळ काढावी. तिथं जास्त मिळतं.

ॲप आणि संकेतस्थळं

एकच प्रश्न विचारा: हे ॲप जन्मवेळ मागतं का? नुसती तारीख घेऊन अक्षर सांगत असेल तर ते निकामी. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो, पण एका दिवसात चार-पाच चरण बदलू शकतात. तारखेवरून चरण काढणं शक्यच नाही. पुष्कळदा आत पाश्चात्त्य पद्धतीची सूर्यरास वापरलेली असते, तिचा आपल्या चंद्रराशीशी संबंध नाही. वेळ आणि ठिकाण दोन्ही मागणारी ॲप गणित बरोबर करतात, ते नाकारत नाही. एकदा पंचांगाशी ताडून पाहा, मग वापरा.

अर्थांच्या बाबतीत मात्र या याद्या पुस्तिकेहून वाईट, कारण एक यादी दुसरीतून उचललेली असते आणि चूक शंभर ठिकाणी दिसली की खरी वाटू लागते. ‘आर्वी’ला तिथं छानसा संस्कृत अर्थ चिकटवलेला सापडेल. वर्धा जिल्ह्यातल्या लोकांना आर्वी हे तालुक्याचं गाव म्हणून माहीत आहे. ‘मायरा’ राजस्थानात म्हणतात ते भाचरांच्या लग्नात मामाकडून येणाऱ्या आहेराला. नाव गोड वाटलं म्हणून ठेवायला कुणाची हरकत नाही. पण ‘तुमचं गोदावरी जुनाट, आमचं बघा किती अर्थपूर्ण’ असं कुणी म्हणालं तर तो अर्थ कुठल्या कोशात आहे, एवढं विचारावं.

पैसे घेऊन स्पेलिंग सुधारणारे

या सेवेचं यंत्र उघडून दाखवतो. रोमन अक्षरांना अंक दिलेले असतात, त्यांची बेरीज करून एक अंकी आकडा काढतात. अडचण अशी की पद्धती दोन प्रचलित आहेत आणि त्यांचे अंक वेगळे. ‘मुक्ता’ घ्या, रोमनमध्ये एम, यू, के, टी, ए. खाल्डियन म्हणवणाऱ्या पद्धतीत ४+६+२+४+१, म्हणजे १७, म्हणजे ८. आठ शनीचा, म्हणून सल्लागार मान हलवतो आणि शेवटी आणखी एक ‘ए’ लावायला सांगतो. बेरीज १८, म्हणजे ९, काम झालं, पैसे द्या. तेच मूळ स्पेलिंग पायथागोरसच्या नावानं चालणाऱ्या पद्धतीत ४+३+२+२+१, म्हणजे १२, म्हणजे ३. तिथे काही बदलायचीच गरज नाही. देवनागरीत लिहिलेल्या ‘मुक्ता’ला तर आकडाच नाही.

श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्यानं ठरवावा. आमचा आक्षेप व्यवहाराचा आहे. जादा अक्षरं घातलेलं स्पेलिंग कारकुनाच्या हातून दुरुस्त होऊन सरळ लिहिलं जातं, आणि मग दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं. जुन्या नावाला आधीच स्पेलिंगची अडचण असते, त्यात ही विकतची भर कशाला? शून्य गुण.

कोश

इथे वेळ घालवावा, कारण जुन्या नावाला खरा आधार इथे मिळतो. वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८९०) आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. पुराणातल्या व्यक्तीचं नाव असेल तर सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश बघावा. जिल्ह्याच्या ग्रंथालयात तो बहुधा संदर्भ विभागात असतो, घरी देत नाहीत, तेव्हा वही घेऊन जा.

कोश काय देतो? पहिलं, नावाचे सगळे अर्थ, गैरसोयीचेसुद्धा. ‘इरा’ हे नाव सध्या फार आवडतं. अमरकोशात इरा या शब्दाचे अर्थ पृथ्वी, वाणी, मद्य आणि पाणी असे चार एकत्र दिले आहेत. यादीत फक्त पहिले दोन सापडतात. ‘वारुणी’ वरुणाशी नातं सांगते, पश्चिम दिशाही आहे, आणि मद्यही. ‘शर्वरी’ म्हणजे रात्र. यानं नाव बाद होत नाही. पण शाळेतल्या संस्कृतच्या तासाला मुलीला तो अर्थ पहिल्यांदा कळण्यापेक्षा आईवडिलांना आधी माहीत असलेला बरा.

दुसरं, घराण्यात कुणी ‘अपशकुनी’ ठरवलेल्या नावाची शहानिशा. चरित्रकोशात एकाच नावाच्या पाच-सहा व्यक्ती सापडतात, त्यातली एक दुष्ट निघाली म्हणून नाव वाईट ठरत नाही.

तिसरं, पुष्कळदा उत्तरच सापडतं. ‘सोपान म्हणजे काय, काही अर्थ तरी आहे का?’ सोपान म्हणजे पायरी, जिना. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही चार भावंडांची नावं ओळीनं म्हणून पाहिली की आक्षेप घेणारा स्वतःच गप्प होतो. ‘अपर्णा’ म्हणजे पानं नसलेली एवढंच यादीत दिसतं. तपाच्या काळात पार्वतीनं झाडाचं पानसुद्धा खाणं सोडलं म्हणून ती अपर्णा, हे कोशात कळतं.

उणीव एकच. खास मराठी नावं संस्कृत कोशात मिळत नाहीत, आणि मोल्सवर्थच्या इंग्रजीला जुन्या मिशनरी काळाचा वास आहे. त्याचे शेरे शब्दशः घेऊ नयेत.

आणि एक गोष्ट कोशही सांगणार नाही: परंपरेतलं प्रत्येक नाव जपण्यालायक नसतं. मुलं जगत नाहीत म्हणून दृष्ट लागू नये यासाठी दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावं ठेवायचे. त्यामागे माया तरी होती. ‘नकुशी’त ती नव्हती. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं जाहीर समारंभात बदलली गेली. पणजीचं नाव नातीला देताना ते नाव पणजीला का मिळालं होतं, हे विचारून घ्यावं.

हाक मारून बघणं

हे फुकट, आणि कुठल्याही साधनाहून जास्त कळतं. मराठीत मुलाच्या नावाला ‘-या’ आणि मुलीच्या नावाला ‘-ई’ किंवा ‘-ऊ’ लागणारच: विठ्या, तुक्या, गोदी, मुक्ती. त्याला इलाज नाही, तेव्हा ते रूप आधी स्वतः म्हणून बघा. खरं तर ‘चिडवतील’ या भीतीचं उत्तर लाडक्या नावात असतं. विठ्ठलला ‘विठू’, ज्ञानेश्वरला ‘माऊली’, गोदावरीला ‘गोदा’ घरात पहिल्या दिवसापासून रुजवलं की चाळीतली पोरंही तेच उचलतात. पर्याय दिला नाही तर ते स्वतः शोधतात.

आजेसासऱ्यांचं नाव ठेवायचं असेल तर वेगळा पेच. कित्येक घरांत अजून सून वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. नातवाचं नाव नारायण असलं तर त्याला रागावायचं कसं? जुन्या लोकांनी हे केव्हाच सोडवलंय. अशा मुलाला घरात आबा, तात्या, अप्पा किंवा बाळ म्हणायचे, आणि दाखल्यावर नारायण. तेच करा.

बारशाच्या पाळण्यातच मतभेदाची सोय आहे, ती कुणी वापरत नाही हे नवल. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्यात पहिल्यापासून एकाहून अधिक नावं ठेवण्याची चाल आहे. आत्याला तिच्या आवडीचं नाव कानात ‘कुर्र’ करून सांगू द्या. आजोळच्यांचं एक ठेवा, जन्माक्षराचं एक ठेवा. घुगऱ्या वाटून झाल्या की दाखल्यावर जायचं नाव आईवडिलांचं. पाळण्यातल्या नावावरून झालेलं भांडण आणि नोंदवहीतल्या नावावरून झालेलं भांडण, यांतलं पहिलं फार स्वस्त पडतं.

जन्मनोंदणी: रिकामी ठेवता येणारी चौकट

आता ती सोय. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते आणि रुग्णालयात जन्म झाला असेल तर ती रुग्णालयच देतं. मात्र त्या वेळी बाळाचं नाव देणं सक्तीचं नाही. याच कायद्याच्या कलम १४ नुसार जन्म नावाविना नोंदवून नंतर नाव भरता येतं. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. हे ठाऊक नसल्यामुळे घोळ होतो. प्रसूतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परिचारिका फॉर्म घेऊन येते, ‘नाव सांगा’ म्हणते, आई झोपेत, आणि खोलीत असलेला सगळ्यांत बोलका नातेवाईक नाव सांगून मोकळा होतो. ठाम शब्दांत ‘नावाचा रकाना कोरा ठेवा’ असं सांगायचं, आणि सहीआधी फॉर्म वाचायचा.

एकदा भरलेलं नाव पुसणं सोपं नाही. कलम १५ ची दुरुस्ती चुकांसाठी आहे, मत बदललं म्हणून नाही. पुढचा रस्ता शासकीय राजपत्रातून नावबदलाचा. गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे.

नाव भरायला जायचं ते जन्म झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे: शहरात महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय, गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक). पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर नोंद माहेरच्या गावात आहे. पुण्यात राहून सांगलीच्या नोंदीत पुण्याला नाव भरता येत नाही. बारशाला माहेरी जाणार असाल तर तेव्हाच अर्ज उरकून टाका. मूळ दाखला आणि दोघांची ओळखपत्रं बरोबर ठेवा, आणि अर्जावर आईवडील दोघांच्या सह्या असाव्यात. वर्षभर थांबता येतं म्हणून थांबू मात्र नका. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट अशा कामांसाठी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा आहे. दोन-तीन महिने पुरेसे होतात, तोवर मतं देणारेही थकतात. परदेशात इतकी सवड नसते. इंग्लंडमध्ये नोंदणीची मुदत ४२ दिवस, अमेरिकेत बहुधा रुग्णालयातून निघण्याआधीच कागद भरून घेतात. तिथं नाव आणि रोमन स्पेलिंग दोन्ही आधी ठरवून जावं.

महाराष्ट्रात आणखी एक बदल लक्षात घ्यायचा. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमानं लिहायचं आहे. चार भागांचं नाव लांबतं. रोमनमध्ये ज्ञानेश्वर ११ अक्षरी, पांडुरंग ९, गोदावरी ८, मुक्ता ५, उमा ३. पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनाच्या ओळीत नावाला एकूण ३९ जागा असतात, मधल्या खुणा धरून. पासपोर्टवर चारही भाग घालायचे झाले तर आईवडिलांची नावं आणि आडनाव लांब असलेल्या घरात ज्ञानेश्वर बसायला कठीण, ज्ञानदेवसुद्धा काठावर. म्हणून नाव सोडू नका. फक्त चारही भाग कागदावर लिहून अक्षरं मोजा.

स्पेलिंग ठरवताना मराठी वळण घ्यायचं की बाहेरच्यांना वाचता येणारं, हा खरा निर्णय आहे. ज्ञ साठी आपल्याकडे डी-एन-वाय लिहितात, हिंदी पट्ट्यात जी-वाय. कृष्णा आयनं की यूनं, हृषीकेशमधला एच ठेवायचा की नाही, त्र्यंबक की त्रिंबक, यातलं काहीही चालेल. मात्र एक रूप ठरवून ते आईवडील दोघांच्या फोनमध्ये लिहून ठेवा आणि पहिल्या कागदापासून तेच वापरा.

शेवटचा धोका आधारचा. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाल आधारासाठी केंद्रावर नाव रोमनमध्ये भरतात आणि देवनागरी यंत्र तयार करतं. त्यात त चा ट, द चा ड, ळ चा ल, ण चा न होतो. ‘गोदा’ची ‘गोडा’ व्हायला एक कळ पुरते. पडद्यावरचं आणि मग पोचपावतीवरचं देवनागरी नाव अक्षर न अक्षर वाचा, चूक असेल तर तिथल्या तिथं दुरुस्त करायला लावा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.